एनबीएतल्या सुपरटीम्स : दोष खेळाडूंचा की नियमांचा?

रिबाउंड (धागाकर्ता)

२०१९ ते २०२५ या सात मोसमांत एनबीएला, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगला, सात वेगवेगळे विजेते मिळाले. टोरांटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बॉस्टन, ओक्लाहोमा सिटी. लीगच्या इतिहासात असं आधी कधी झालं नव्हतं. त्यामुळे "सुपरटीमचा जमाना संपला, आता समतोल आला" असं जिथे तिथे ऐकू येतंय. इथल्या दुसऱ्या एका धाग्यावरही तीच चर्चा सुरू झाली होती. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सुपरटीम झाली, म्हणजे तीन-चार बडे खेळाडू एकाच टीममध्ये जमले, की आपण खेळाडूंना शिव्या घालतो. २०१० मध्ये लेब्रॉन मायामीला गेला तेव्हा घातल्या, २०१६ मध्ये ड्युरँट गोल्डन स्टेटला गेला तेव्हा त्याहून जास्त घातल्या. पण या दोन्ही टीम्स जमल्या त्या मालकांनीच केलेल्या एका नियमामुळे. तो नियम आजही जागचा हललेला नाही. एका खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार देता येईल याची मर्यादा, म्हणजे आपण ज्याला मॅक्स कॉन्ट्रॅक्ट म्हणतो तो.

१९९७-९८ मध्ये मायकेल जॉर्डनचा पगार ३.३१ कोटी डॉलर होता. त्या वर्षी अख्ख्या टीमची सॅलरी कॅप, म्हणजे सगळ्यांच्या पगाराची मिळून मर्यादा, होती २.६९ कोटी. म्हणजे एकटा माणूस कॅपपेक्षा महाग! (स्वतःच्या जुन्या खेळाडूला कॅप ओलांडून ठेवून घेण्याची मुभा होती आणि आहे. तिला बॉस्टनच्या लॅरी बर्डचं नाव आहे.) मालकांना धडकी भरली नसती तरच नवल. १९९८ मध्ये टाळेबंदी झाली, मोसम ५० सामन्यांवर आला आणि शेवटी जो करार झाला त्यात पहिल्यांदाच प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर छत आलं. आजच्या घडीला ते लीगमधल्या वर्षांनुसार कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्के असतं.

याचा परिणाम काय झाला ते बघा. समजा लेब्रॉनसारख्या खेळाडूची खरी किंमत कॅपच्या साठ टक्के आहे. पण कुठल्याच टीमला तीस-पस्तीसच्या वर जाता येत नाही. म्हणजे क्लीव्हलँड, न्यूयॉर्क, शिकागो, मायामी, सगळ्यांचे आकडे जवळपास सारखेच. पैशाने फरक पडेनासा झाला की माणूस बाकीच्या गोष्टी बघणार: शहर कुठलं, हवा कशी, सोबत कोण खेळतंय, जिंकता येईल का. आणि टीमच्या बाजूनेही असे तीन जण एकाच कॅपमध्ये बसू लागतात. मायामीत जमलेल्या लेब्रॉन, वेड आणि बॉश यांनी तर मॅक्सपेक्षाही थोडे कमीच घेतले. मायामीला एकट्या लेब्रॉनसाठी साठ टक्के मोजावे लागले असते, तर बॉशला जागाच उरली नसती.

२०१६ ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. नऊ वर्षांसाठी २,४०० कोटी डॉलरचा टीव्ही करार लागू झाला आणि कॅप एका उन्हाळ्यात ७ कोटींवरून ९.४१ कोटींवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने करू, असं लीगचं म्हणणं होतं. खेळाडूंच्या संघटनेने ते नाकारलं. दुसरीकडे स्टेफ करीने २०१२ मध्ये घोट्याच्या दुखापतींमुळे चार वर्षांचा ४.४ कोटींचा साधा करार घेतला होता. म्हणजे लागोपाठ दोनदा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झालेला माणूस त्या वर्षी १.२ कोटींवर खेळत होता. ७३ सामने जिंकलेल्या टीमकडे आणखी एक एमव्हीपी घ्यायला रिकामी जागा तयार झाली ती अशी. ड्युरँटने काही चोरलं नाही, दार उघडं होतं. पुढच्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) गोल्डन स्टेट १६-१, म्हणजे सोळा जिंकले, एक हरले.

आता लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या करारातून सेकंड एप्रन, म्हणजे टीमच्या पगारखर्चावरची आणखी एक रेषा, आलाय. त्यावर स्वतंत्र बोलावं लागेल, कारण माझ्या मते हा नियम नको त्याला मारतोय. पण आधी तुमची मतं ऐकायची आहेत. मॅक्स कॉन्ट्रॅक्ट काढून टाकला, टीमची कॅप ठेवली, तर?

---

फ्रीमाँटकर

चांगला विषय काढलात. वॉरियर्सबद्दल, म्हणजे गोल्डन स्टेटबद्दल, मात्र थोडं सांगितलंच पाहिजे, कारण "विकत घेतलेली टीम" हे ऐकून आता कान किटलेत.

करी ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, त्यात कमकुवत टीम्सचा नंबर आधी) सातवा, क्ले थॉम्पसन अकरावा, ड्रेमंड ग्रीन पस्तिसावा. तिघेही इथेच वाढले. २०१५ ची ट्रॉफी आणि ७३-९ हे दोन्ही ड्युरँट येण्याआधीचं आहे. त्याआधी १९९५ ते २०१२ या काळात ही टीम प्लेऑफमध्ये गेली ती फक्त एकदा, २००७ मध्ये. तरी ओकलंडच्या त्या जुन्या अरीनात लोक यायचे. त्या लोकांपैकी कितीतरी जणांना २०१९ नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या अरीनाची तिकिटं परवडेनाशी झाली, हा या कथेचा भाग फारसा कुणी सांगत नाही.

आणि मनापासून सांगतो, २०१७ आणि २०१८ च्या विजयांपेक्षा २०२२ चा विजय मला खूप मोठा वाटतो. क्ले दोन मोठ्या दुखापतींमधून अडीच वर्षांनी परतला होता. त्या ट्रॉफीसाठी वाट बघितली होती. २०१७ ला वाट बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

---

गणिती

रिबाउंड, अर्धंच पटलं. मॅक्स कॉन्ट्रॅक्ट नव्हता तेव्हाही हा खेळ असाच होता. बिल रसेलच्या बॉस्टन सेल्टिक्सने १९५७ ते १९६९ या तेरा मोसमांत अकरा विजेतेपदं घेतली, त्यातली आठ लागोपाठ. ऐंशीच्या दशकातल्या दहापैकी आठ ट्रॉफी लेकर्स आणि सेल्टिक्स या दोघांतच वाटल्या गेल्या. नव्वदमध्ये शिकागोच्या सहा.

मुळात खेळाची रचनाच एकतर्फी आहे. मैदानात फक्त पाच जण, आणि सर्वोत्तम खेळाडू ४८ पैकी ४० मिनिटं खेळू शकतो. टी-ट्वेंटीत बुमराला चारच षटकं मिळतात. इथे करीला चेंडू हातात घ्यायला कुणी मोजून देत नाही. त्यात एका सामन्यात प्रत्येक टीमला साधारण शंभर वेळा चेंडूचा ताबा मिळतो. म्हणजे नशिबाचे चढउतार एका संध्याकाळीच बरेचसे सपाट होतात. वर सातपैकी चार जिंकायचे. आठव्या मानांकनाच्या टीमने पहिलीला हरवल्याचे प्रसंग २०२५ पर्यंत सहाच: १९९४, १९९९, २००७, २०११, २०१२ आणि २०२३. त्यातले पहिले दोन तर पाच सामन्यांच्या मालिकेतले.

त्यामुळे आयपीएलसारखा "कुणीही कुणाला हरवू शकतो" हा प्रकार इथे नियमांनी आणता येईल असं मला वाटत नाही. टी-ट्वेंटी मुळातच लहान आहे, एका षटकात सामना फिरतो.

---

रिबाउंड

@फ्रीमाँटकर, वॉरियर्सचा गाभा घरचा होता हे मान्यच. पुढे त्यावरच येणार आहे.

@गणिती, खेळाच्या रचनेचा मुद्दा पूर्ण मान्य. पण रसेलचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तेव्हा खेळाडूला टीम सोडताच येत नव्हती. करार संपला तरी हक्क टीमकडेच. ऑस्कर रॉबर्टसन खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष असताना १९७० मध्ये कोर्टात गेला आणि १९७६ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे खेळाडूंना मोकळीक मिळायला सुरुवात झाली. म्हणजे सेल्टिक्सने एकदा रसेल आणि बाकीची मंडळी जमवली की त्यांना कुणी उचलूच शकत नव्हतं. सुरुवातीला लीगमध्ये टीम्सही आठच. सुपरटीम तेव्हाही नियमांनीच टिकवली. फरक इतकाच की तेव्हा खेळाडूला हलण्याची बंदी होती आणि आता पगाराला छत आहे.

ऐंशीतल्या लेकर्सचं म्हणाल तर कॅपच मुळी १९८४-८५ मध्ये आली, ३६ लाख डॉलरची. तोवर मॅजिक आणि करीम हे दोन्ही बडे खेळाडू तिथे होतेच.

---

जुना_भिडू

एक वेगळा प्रश्न विचारतो. समतोल हवाय कुणाला?

१९९८ च्या फायनल्सचा सहावा सामना अमेरिकेत ३.५९ कोटी लोकांनी बघितला. शिकागो सहाव्यांदा जिंकणार हे जवळपास सगळ्यांना दिसत होतं, तरी बघितला. २०१७ मध्ये गोल्डन स्टेट आणि क्लीव्हलँड लागोपाठ तिसऱ्यांदा भिडले, सगळे "कंटाळा आला" म्हणत होते, तरी सरासरी २ कोटींच्या वर प्रेक्षक. २०२५ मध्ये ओक्लाहोमा आणि इंडियाना, दोन छोटी शहरं, सात सामन्यांपर्यंत ताणलेली सुंदर मालिका. सरासरी एक कोटीच्या आसपास.

आमच्या पिढीला बास्केटबॉल लागला तो बुल्समुळे. दूरदर्शन आणि केबलवर मिळेल ते बघायचो, आणि पोरांच्या अंगात जॉर्डनचा लाल २३ नंबर असायचा. समतोल असता तर तो शर्ट कुठल्या टीमचा असता? ज्याला हरवायचंय असा एक बलाढ्य संघ लागतोच. मायामीच्या त्या तिकडीला २०११ मध्ये डॅलसने हरवलं तेव्हा जग नाचलं, ते मायामी होतं म्हणूनच. २००४ मध्ये शॅक, कोबी, मलोन, पेटन अशी लेकर्सची चौकडी डेट्रॉइटने ४-१ अशी धुतली. डेट्रॉइटची ती टीम आजही लोकांना आठवते ती कुणाला हरवलं त्यामुळे.

---

कोथरूडकर

जुना_भिडू, टीव्हीचे आकडे असे शेजारी ठेवता येत नाहीत. १९९८ ला घरात टीव्हीच होता, आता अर्धं जग हायलाइट्स फोनवर बघतं. आणि जर समतोलामुळे धंदा बसत असता तर २०२४ मध्ये, म्हणजे नेमक्या या सात विजेत्यांच्या काळात, लीगला अकरा वर्षांसाठी ७,६०० कोटी डॉलरच्या घरातला नवा करार मिळाला असता का? डिस्ने, एनबीसी, अ‍ॅमेझॉन काही भावनेपोटी पैसे टाकत नाहीत.

शिवाय या वेळी कॅप एका वर्षात दहा टक्क्यांच्या वर वाढू द्यायची नाही असं ठरलंय. १४.०६ कोटींवरून १५.४६ कोटी, बरोबर दहा टक्के. २०१६ चा धडा घेतला म्हणायचा.

---

नदीकाठ

बरीच वर्षं वाचनमात्र होते, पण या धाग्यावर लिहायलाच हवं. मी सॅक्रामेंटोला राहते. किंग्जची चाहती.

समतोल कुणाला हवाय असं विचारलंत. आम्हाला. २००६ नंतर सलग सोळा मोसम आमची टीम प्लेऑफमध्ये गेली नाही. लीगमधला सगळ्यात लांब दुष्काळ. २०१३ मध्ये टीम सिअ‍ॅटलला जायचीच बाकी होती. मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे वॉरियर्समधला आपला हिस्सा सोडून आले, इतर गुंतवणूकदार जमवले आणि टीम शहरात राहिली. २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स खेळले, भारतातले पहिले एनबीए सामने, तेही त्यांच्यामुळेच. माझा भाऊ तिथे होता आणि मी इथे बसून ते बघत होते. तो अभिमान मला पुरेसा होता असं मात्र म्हणणार नाही, कारण टीम हरतच होती.

आणि म्हणूनच मला रिबाउंड यांच्या मांडणीत एक गोष्ट खटकते. नियमांवर सगळं ढकलू नका. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये आमचा दुसरा नंबर होता. लुका डॉन्चिच समोर होता. आमच्या लोकांनी मार्विन बॅगलीला घेतलं. त्या ड्राफ्टच्या दिवशी ना मोठं शहर आड आलं, ना हवामान, ना मॅक्स कॉन्ट्रॅक्ट. डेन्व्हरने योकिचला एकेचाळिसाव्या नंबरवर घेतलं, मिलवॉकीने यानिसला पंधराव्या. सॅन अँटोनिओ काही न्यूयॉर्क नाही, तरी पाच ट्रॉफी. पार्कर अठ्ठाविसावा, जिनोबिली सत्तावन्नावा.

२०२३ मध्ये शेवटी आम्ही पश्चिम विभागात तिसरे आलो. विजयानंतर अरीनाच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडतात, तो मैलोन्‌मैल दिसायचा. पहिल्याच फेरीत वॉरियर्सशी गाठ, सात सामने, आणि सातव्यात करीचे पन्नास पॉइंट. हरलो. पण एप्रिलमध्ये शहरात जे वातावरण होतं ते मी विसरणार नाही. मला ट्रॉफीच हवी असं नाही. मार्चमध्ये आशा जिवंत असावी, एवढं लीगने प्रत्येक शहराला द्यावं.

---

फ्रीमाँटकर

@नदीकाठ, त्या मालिकेत माझे सख्खे शेजारीसुद्धा दोन गटांत विभागले गेले होते. तुमच्या टीमने जो खेळ दाखवला त्याबद्दल आदर आहे.

---

वैनगंगा

पुरुषांच्याच लीगबद्दल का बोलतोय आपण? महिलांच्या लीगचं, डब्ल्यूएनबीएचं, २०२३ बघा. लास व्हेगास एसेस ३४-६, न्यूयॉर्क लिबर्टी ३२-८. ब्रियाना स्ट्युअर्ट, जोंक्वेल जोन्स, कोर्टनी व्हँडरस्लूट एकाच हिवाळ्यात न्यूयॉर्कला आल्या. कॅन्डेस पार्कर व्हेगासला गेली. तिथे कॅप कडक होती, ओलांडायची सोय नाही, तरी दोन सुपरटीम झाल्या. कारण मोठ्या खेळाडूंनी स्वतःहून कमी पगार घेतला. तेव्हा पगारच इतके तोकडे होते की त्यातला थोडा सोडणं सोपं होतं, मोठी कमाई जाहिरातींमधून आणि परदेशी लीगमधून. रिबाउंड म्हणतात ते इथे अगदी चपखल बसतं: पगाराचं छत जितकं खाली, तितकी सुपरटीम सोपी.

आणि समतोलाच्या नावाखाली काय होतं त्याचं एक उदाहरण सांगते. लिबर्टीच्या मालकांनी २०२१ मध्ये खेळाडूंसाठी खासगी विमानं ठरवली, तर लीगने पाच लाख डॉलर दंड ठोकला. का, तर बाकीच्या मालकांना परवडत नाही आणि त्यामुळे अन्याय होतो. सहा फूट चार-पाच इंच उंचीच्या बायका साध्या विमानांच्या सीटमध्ये दुमडून बसत होत्या. आणि नियम काय, तर कुणालाच सुखाने बसू द्यायचं नाही! २०२४ पासून सगळ्यांना चार्टर विमानं मिळाली, तेव्हा कुठे हा प्रश्न सुटला. समतोल वर उचलूनही साधता येतो आणि खाली दाबूनही. मालकांना बहुतेक वेळा दुसरा मार्ग स्वस्त पडतो.

---

भायखळा_एक्स्प्रेस

वैनगंगा यांना अनुमोदन.

आपल्याकडचं एक सांगतो. मुंबईत नागपाडा म्हणजे बास्केटबॉलचं माहेर. तिथल्या मैदानांवर घडलेली पोरं कुठे जातात? जिथे नोकरी मिळेल तिथे. भारतात ड्राफ्ट नाही, कॅप नाही, व्यवहार चालतो नोकरीवर. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचं वर्षानुवर्षं जे वर्चस्व आहे ते यातूनच आलंय. कुठल्याही राज्यातली चांगली मुलगी रेल्वेत लागते आणि मग स्वतःच्या राज्याविरुद्ध खेळते. तिला दोष देण्यात काय अर्थ आहे? पंचविशीनंतर पोट कोण भरणार? राज्य संघटनांनी तिला काय दिलं होतं? ड्युरँटला शिव्या घालणारे वाचले की मला नेहमी या मुली आठवतात.

---

रिबाउंड

सगळ्यांचे आभार. @नदीकाठ, डॉन्चिचचा मुद्दा बिनतोड आहे. वाईट कारभाराला कुठलाच नियम वाचवू शकत नाही.

आता सेकंड एप्रनवर येतो, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅपच्या वर लग्झरी टॅक्सची (जादा पगारखर्चावर भरायच्या कराची) रेषा, तिच्या वर पहिला एप्रन, त्याच्या वर दुसरा. २०२५-२६ साठी दुसरा आहे २०.७८ कोटींवर. ती रेषा ओलांडली की नुसता पैसा भरून सुटका नाही. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करता येत नाही. फ्री एजंट (करार संपलेला मोकळा खेळाडू) घेण्याची जी मधली सवलत असते ती जाते. सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमधल्या निवडीचा हक्क) गोठतो, म्हणजे तो ट्रेड करता येत नाही, आणि पुढेही तिथेच राहिलात तर तो फेरीच्या शेवटी ढकलला जातो. गोल्डन स्टेटने २०२१-२२ मध्ये पगार आणि टॅक्स मिळून ३४ कोटींच्या वर खर्च केला होता. तसं पुन्हा कुणी करू नये म्हणून हे.

हेतू चांगला. पण सापडलं कोण? फिनिक्सने ड्युरँट, बील, बुकर अशी तिकडी केली, ती २०२४ मध्ये पहिल्या फेरीत ४-० ने हरली आणि पुढच्या वर्षी ३६-४६ वर संपून प्लेऑफबाहेर गेली. ती तर नियमाविनाही कोसळलीच असती. ब्रुकलिनचे ड्युरँट, अर्व्हिंग, हार्डन तिघे मिळून साध्या मोसमात जेमतेम सोळा सामने खेळले. उसनवारीच्या सुपरटीम्स स्वतःच्याच वजनाने पडतात.

खरा फटका बसतो तो घरी वाढवलेल्या टीम्सना. डेन्व्हरने योकिच, मरे, पोर्टर हे तिघेही स्वतः ड्राफ्ट केले, २०२३ ला जिंकले, आणि पुढच्या उन्हाळ्यात एप्रनच्या भीतीने कॅल्डवेल-पोपला ऑर्लँडोला जाऊ दिलं. बॉस्टनने टेटम आणि ब्राउन स्वतः निवडले, दहा वर्षांच्या आत ट्रॉफीपर्यंत नेले. २०२५ मध्ये टेटमचा घोट्यामागचा स्नायुबंध तुटला आणि काही आठवड्यांत हॉलिडे पोर्टलँडला, पोरझिंगिस अटलांटाला. एका वर्षापूर्वीची विजेती टीम हिशेबाच्या वहीने मोडली.

सात विजेते म्हणून टाळ्या वाजवताना यातले किती खरोखर हरले आणि किती नियमाने सुटे झाले, हेही बघायला नको का? नदीकाठ यांच्या शहराला आशा मिळायला हवीच. पण ती दुसऱ्या शहराने कष्टाने उभं केलेलं मोडून का?

---

गणिती

दोन गोष्टी.

एक, मॅक्स काढण्याचा तुमचा मूळ प्रस्ताव संघटनेत कधीच पास होणार नाही. उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा ठरलेला आहे, अर्ध्याच्या आसपास. २०११ च्या टाळेबंदीआधी तो ५७ टक्के होता. म्हणजे योकिचला दुप्पट दिलं तर ते मालकाच्या खिशातून येत नाही, बेंचवरच्या आठव्या-नवव्या खेळाडूकडून येतं. लीगमध्ये साडेचारशे खेळाडू, त्यातले मॅक्सच्या वर किंमत असलेले पंधरा-वीस. मत प्रत्येकाला एकच.

दोन, मॅक्स नसता तरी जॉर्डनच्या बुल्सनी ७२-१० केलंच ना? पिपेन त्या १९९७-९८ मध्ये अवघ्या २८ लाखांवर खेळत होता, जुन्या लांबलचक करारामुळे. एक स्वस्त करार पुरतो. तुमचं २०१६ चं करीचं उदाहरणही खरं तर तेच आहे. म्हणजे दोष छताचा कमी आणि लांब मुदतीच्या करारांचा जास्त.

---

रिबाउंड

दुसरा मुद्दा मोलाचा आहे. पिपेन आणि करी या दोघांना जोडून मी बघितलं नव्हतं. तरी मायामी त्यात बसत नाही, तिथे तिघेही ताज्या करारांवर होते.

पहिल्या मुद्द्यावर: संघटनेचं गणित बरोबर आहे, म्हणून मॅक्स काढणं सोडून दुसरं काहीतरी सुचवतो. स्वतः ड्राफ्ट केलेल्या खेळाडूचा पगार त्याला पूर्ण मिळू दे, पण एप्रनच्या हिशेबात तो, समजा, पाऊणच धरायचा. जितकी टीम घरची तितकी मोकळीक जास्त. बाहेरून तिघे गोळा करणाऱ्याला पूर्ण भार.

---

कोथरूडकर

ही कल्पना आवडली. पण मग हरण्याचा मोह वाढेल. फिलाडेल्फिया १०-७२ पर्यंत गेली होती. २०१९ पासून ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत तळाच्या तिघांनाही पहिल्या नंबरची शक्यता प्रत्येकी १४ टक्केच ठेवली, म्हणून थोडं आटोक्यात आलं. आणि लॉटरीत तरी न्याय कुठे? डॅलसने डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवलं आणि त्याच वर्षी १.८ टक्के शक्यतेवर पहिला नंबर लागून कूपर फ्लॅग मिळवला.

---

जुना_भिडू

ओक्लाहोमा सिटीवर या सगळ्याची परीक्षा होईल. त्यांनीच २०१२ मध्ये हार्डनला टॅक्सच्या भीतीने ह्यूस्टनला पाठवलं होतं. ड्युरँट, वेस्टब्रूक, हार्डन, तिघेही पुढे एमव्हीपी झाले, एकत्र मात्र एकही ट्रॉफी नाही. त्या छोट्या शहराने हे एकदा सोसलंय. २०२३ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून नव्या अरीनासाठी विक्रीकर भरायला संमती दिली. आता होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्सचे मोठे करार २०२६-२७ पासून सुरू होतात आणि शे गिल्जस-अलेक्झांडरचा २८.५ कोटींचा त्याच्या पुढच्या वर्षी. तिघांना ठेवता आलं नाही तर मी रिबाउंडच्या बाजूने.

---

फ्रीमाँटकर

पण रिबाउंड, तुमच्या "घरच्या खेळाडू"च्या नियमात शे बसतो का? त्याला शार्लटने अकरावा निवडला, त्याच रात्री क्लिपर्सकडे गेला, आणि २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात पाच पिक्ससकट ओक्लाहोमाला आला. त्यांनी ड्राफ्ट केलेला नाही. आणि त्याला घडवलं त्यांनीच, हेही तितकंच खरं.

---

रिबाउंड

बसतो, आणि व्याख्या नव्याने करायचीही गरज नाही. सुपरमॅक्सच्या (निवडक खेळाडूंना मिळणाऱ्या, नेहमीच्या मॅक्सहून मोठ्या कराराच्या) कलमात ती आधीच आहे: ज्या टीमने ड्राफ्ट केलं तिच्याकडे असलेला, किंवा पहिल्या चार वर्षांत, रुकी (नवख्या खेळाडूच्या पहिल्या) करारावर असतानाच ट्रेड होऊन आलेला खेळाडू. शेला तो मोठा करार याच कलमाखाली मिळालाय. तेच शब्द उचलून एप्रनच्या कलमात टाकायचे. पुढच्या वाटाघाटीत संघटनेने हे मागितलं तर आठव्या-नवव्या खेळाडूचंही नुकसान नाही, कारण कॅल्डवेल-पोपसारख्यांना डेन्व्हरमध्येच पगार मिळत राहील.

@वैनगंगा, डब्ल्यूएनबीएच्या करारात असं काही कलम आहे का? तुम्हाला माहीत असेल तर लिहा, तिथली बाजू मला नीट समजून घ्यायची आहे.